दहावा फर्मा

४ जून

टाचणे,

पाकीट उघडल्यावर आत छापील कागद बघून घाबरू नकोस, नोटीसबिटीस नाही. कादंबरीचा पहिला फर्मा आहे. सोळा पानं, शिवण नाही, कापणी नाही, फक्त घडी. कडा तुझ्या तूच सुरीने फाड. हात विसरले नसतील.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की तिकडे आपल्या भाषेतलं काही वाचायला मिळत नाही, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा परका. ते वाचून तुझ्या वहिनीने डोळे पुसले आणि मी कपाट उपसलं. एक जाडजूड कादंबरी बांधायला आली होती, तिचे जादा छापलेले फर्मे पडून होते. एक बाई मुलाला घरी ठेवून समुद्रापलीकडे कॉलर शिवायच्या कामाला जाते, त्याची गोष्ट आहे. म्हटलं, ही तर आपल्या टाचणीची बहीण. प्रत्येक पत्राबरोबर एकदोन फर्मे पाठवीन. मीही तेवढंच वाचीन, पुढे जाणार नाही. लहानपणी आपण घड्या घालताना वाचायचो तसं. तुला मधलाच एखादा फर्मा मिळायचा आणि अलीकडचं-पलीकडचं सगळं तू मनाने रचून सांगायचीस. खऱ्या गोष्टीपेक्षा तुझीच बरी असायची.

तुझी लेक भिंगरी मजेत आहे. तिला काल खळीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली धरली. विचारलं तर म्हणाली, "हात चिकटतो का बघत होते." आता हिला काय बोलणार?

तू परवान्याच्या ऑफिसचं विचारलं होतंस. या आठवड्यात तिला सर्दी आहे. बरी झाली की नेतो.

तुझा,
दादा

२५ जून

दादा,

फर्मा मिळाला. जेवणाच्या सुट्टीत वाचला. सुट्टी म्हणजे काय, तर धुलाईच्या कारखान्यामागची खोली, एक बाक आणि भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं. दिवसभर दवाखान्यांच्या चादरी गरम रुळातून बाहेर येतात. मी एका बाजूने टोकं धरायची, समोरची बाई दुसऱ्या बाजूने, आणि एकमेकींकडे चालत जाऊन घडी घालायची. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. तरी आमची घडी कधी चुकत नाही. फर्मा वाचताना बघून तिने खुणेने विचारलं, काय आहे? मी खुणेने सांगितलं, घर.

पण तुझी कॉलरवाली मला मुळीच आवडली नाही. बोटीवर चढल्यापासून जी रडायला लागली ती सोळाव्या पानापर्यंत रडतेच आहे. इतकं रडायचं होतं तर जायचं कशाला? मी निघाले तेव्हा विमानात पुढ्यात आलं ते सगळं खाल्लं आणि झोपले. पोहोचल्यावर ह्यांनी विचारलं, "रडलीस का?" मी म्हटलं, नाही. आता ही बाई वाचताना मनात येतं, मी का रडले नाही? भिंगरीला तेव्हा नुकते पाय फुटले होते. वर्षभराचाच प्रश्न आहे, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते. वर्षांची रांग लागली, आणि प्रत्येक वर्षी आम्ही तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

दादा, आता नीट वाच. आमचे कागद झाले. भिंगरीला आणायची परवानगी मिळाली आहे, पण डिसेंबर संपायच्या आत तिने इथे पाऊल ठेवायला हवं. नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि पुन्हा मिळेलच असं नाही. तुझ्याकडे एकच काम आहे. तिला ऑफिसात घेऊन जायचं, तिचा फोटो आणि अंगठा द्यायचा. ती समोर असल्याशिवाय ते करत नाहीत. सर्दी असली तरी अंगठा उठतो रे.

मी तिच्यासाठी खाट घेतली. खिडकीपाशी लावली, मग वाटलं वारा लागेल, म्हणून भिंतीशी. मग वाटलं भिंतीशी कोंडल्यासारखं होईल. सध्या खाट खोलीच्या मधोमध आहे आणि हे मालट्रक घेऊन फेरीहून आले की खाटेला अडखळतात. भिंगरीच्या पावलाचं माप कागदावर काढून पाठव. बूट घ्यायचे आहेत.

टाचणी

१७ ऑगस्ट

टाचणे,

आठवा आणि नववा फर्मा सोबत आहेत. तुझा कॉलरवालीवरचा राग कमी झाला म्हणतेस, बरं वाटलं. मला पहिल्यापासून ती भली वाटत होती. एक गोष्ट मात्र खटकली. ती घरी पत्र लिहिते त्यात मुलाला काय काय सांगते बघ. दात घास, पाटी पूस, उन्हात जाऊ नको. आणि पोरगं तिकडे काकूच्या मागे मागे. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी कादंबरीबद्दल बोलतोय.

ऑफिसात गेलो होतो. रांग फार होती. भिंगरी उभी राहून कंटाळली, परत आलो. पुढच्या आठवड्यात बघू. मापही काढायचं राहिलं, ती पाय कागदावर ठेवते आणि पेन्सिलीने गुदगुल्या होतात म्हणून पळते.

तिचा पुढचा दात पडला. पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन तिने घर केलं आहे, त्याला दारच दार. मी विचारलं, एवढी दारं कशाला? म्हणाली, "कुठूनही आत येता यावं म्हणून." हुशार आहे, तुझ्यावर गेली आहे.

मी आपलं सहज विचारतो. तू सकाळी कामाला जातेस, ते फेरीवर. शाळेतून आल्यावर पोरीला दार कोण उघडणार? तुम्ही विचार केलाच असेल. इथे कारखाना घरातच असल्यामुळे ती सतत कुणाच्या तरी पायात असते, म्हणून मनात आलं इतकंच.

वहिनी ठीक आहे. जुजबंदीला, फर्मे शिवायला बसते तेव्हा भिंगरी सुईत दोरा ओवून देते. हल्ली वहिनीला जवळचं दिसत नाही.

दादा

१४ सप्टेंबर

दादा,

रविवारी फोन केला तेव्हा भिंगरीने उचलला. मी म्हटलं, "पिल्लू, मी आई." ती फोन बाजूला धरून ओरडली, "आई, त्या फोनवाल्या आईचा फोन आहे!" आणि वहिनी आल्या. मी वहिनींशी हवापाण्याचं बोलले, फोन ठेवला आणि खाटेवर जाऊन बसले. त्या मधोमध ठेवलेल्या खाटेवर.

मला हे आधी का सांगितलं नाहीस? मला काय वाटत होतं, ती तुमच्याकडे बसून माझी वाट बघते आहे? हो, तेच वाटत होतं! मी चादरी घडी करता करता रोज तिला वाट बघायला लावत होते. कॉलरवालीही तेच करते. शिवताना मुलाला मनातल्या मनात दारात उभं करते, आणि दिवसभर तो तिथे उभाच. वाचताना मी हसले तिला. म्हटलं, बाई, पोरगं खेळायला गेलं असेल ग. आणि स्वतःची पोर मात्र मी दारातून हलू दिली नव्हती.

आता दुसरं. तू या खेपेला पाठवलेला फर्मा अकरावा आहे. त्याआधीचा नववा होता. नवव्याच्या शेवटी मुलाला बोटीत बसवलं आहे आणि अकराव्यात कॉलरवाली एकटी खिडकीशी बसून म्हणते, "त्याला आणून मी काय मिळवलं?" मधलं काय झालं? तू मला लहानपणी अंक बघून फर्मे लावायला शिकवलंस, आणि आता मलाच फसवतोस? टपालात हरवला असं लिहू नकोस, दोन्ही पाकिटं शाबूत होती.

मी आधी नेहमीसारखं मनाने रचलं. एकदा पोरगा बोटीवर आजारी पडला, एकदा तिने त्याला मारलं, एकदा तो पळून गेला. काही केल्या बरं रचता येईना. दादा, तू ताकाला जाऊन भांडं लपवतो आहेस. तो फर्मा का काढलास? आणि खरं सांग, तू ऑफिसात एकदा तरी आत गेलास का?

दिवस जात आहेत. रुळातून चादर येते आणि मी टोक धरायला विसरते. समोरची बाई माझ्याकडे बघत नुसती उभी राहते.

टाचणी

१ ऑक्टोबर

टाचणे,

नाही गेलो. आत एकदाही गेलो नाही.

पहिल्यांदा ऑफिसच्या फाटकापर्यंत गेलो होतो. भिंगरीने विचारलं, "इथे काय आहे?" मी म्हटलं, फोटो काढतात. तिने विचारलं, "आईचा पण काढणार?" मी तिला फुगा घेऊन दिला आणि परत आलो. दुसऱ्यांदा घरातूनच निघालो नाही. वहिनीने तिला नवा फ्रॉक घातला होता, वेणी घातली होती. मी म्हटलं, आज कटिंगचं काम आहे. वहिनीने फ्रॉक काढून घडी करून ठेवला.

दहावा फर्मा माझ्याकडे आहे. त्यात मुलगा आईकडे पोहोचतो. तीन दिवस परका वागतो आणि चौथ्या दिवशी तिच्या गळ्यात पडतो. बास, एवढंच आहे त्यात. तुला वाईट वाटेल म्हणून मी तो काढला नाही. तुला चांगलं वाटेल म्हणून काढला. अकराव्यात तिला पस्तावा होतो, शहर परकं, पोरगं गप्प होत जातं, ते तू आधी वाचावंस असं वाटलं. पुस्तकाला आयुष्यभर एवढंसं पानसुद्धा उलटं लागू दिलं नाही मी. आणि हे केलं.

आता लाज सोडून लिहितो. तिला इथेच राहू दे.

तुला माहीत आहे आमच्या घरात पाळणा हलला नाही. वहिनीने देवाला, डॉक्टरला, मला, कुणाला बोल लावला नाही. तू भिंगरीला ठेवून गेलीस तेव्हा ती रात्रभर रडत होती आणि वहिनी तिला घेऊन कारखान्यात येरझारा घालत होती. कागदाच्या गठ्ठ्यांवर तिला निजवलं तेव्हा कुठे झोपली. त्या दिवसापासून घरात आवाज आहे. तिला नेलीस तर आम्ही दोघं समोरासमोर बसून काय करायचं? वहिनी मरेल असं मी म्हणत नाही. ती मरणार नाही, शिवत राहील. तेच मला बघवणार नाही.

तुझं वय आहे अजून. तुला दुसरं होईल. आम्हाला नाही.

माझ्यावर चिडू नकोस. चिडलीस तरी चालेल, पण नाही म्हणू नकोस.

दादा

१८ ऑक्टोबर

दादा,

दुसरं होईल म्हणतोस. कड तिरकी कापली गेली तर जादा गठ्ठ्यातला दुसरा घ्यावा, अशी माझी मुलगी आहे का? हे वाक्य लिहिताना तुझा हात कसा चालला? मी तुझं पत्र फाडलं, मग जुळवून परत वाचलं, मग परत फाडलं. समोरचीने मला पाणी दिलं. तिला वाटलं घरी कुणीतरी गेलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाकडे तक्रार करू?

मी येते आहे. रजा मिळाली नाही तर काम सोडून येईन. ऑफिसात मी नेईन तिला. तू फाटकाशीसुद्धा येऊ नकोस. वहिनींना सांग की त्यांनी माझ्या पोरीला वाढवलं हे मी जन्मभर विसरणार नाही. आणि हेही सांग की मी तिला घेऊन जाणार आहे.

फर्मे पाठवू नकोस.

टाचणी

९ जानेवारी

दादा,

आम्ही मुदतीच्या आत नीट पोहोचलो हे फोनवर कळलंच असेल. बाकीचं फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण भिंगरी फोनकडे डोळे लावून बसते. वाजला की धावते, माझा आवाज बदलला की ओळखते की तुम्ही नाही, आणि परत जाते.

परत जाते म्हणजे दारापाशी. दादा, ती बूट काढत नाही. सकाळी उठली की कोट घालते, बूट घालते आणि बाहेरच्या दाराशी चपलांच्या फळीवर बसते. जेवण तिथेच द्यावं लागतं, दोन घास खाते. अंधार पडला की बूट घातलेली तिथेच झोपते. मी उचलून खाटेवर नेते, बूट काढते. सकाळी पुन्हा तेच. काल मी बूट लपवले. तिने मला चावलं. हातावर दात उमटले आहेत, पडलेल्या दाताची जागा मोकळी. ओरडत नाही, रडत नाही. संध्याकाळ झाली की फक्त एकदा माझ्याकडे बघते, मीच कुणाला तरी अडवून ठेवलं आहे अशा नजरेने.

तिकडून निघताना किती शहाण्यासारखी गाडीत बसली! मी किती भ्यायले होते, की ती वहिनींच्या पदराला धरून आकांत करेल आणि मला तिला ओढावं लागेल. तू तोंड फिरवून उभा होतास. वहिनी बाहेर आल्याच नाहीत, आत सुईधाग्याचं काम चालू होतं. खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा राग आला. म्हटलं, एवढी वर्षं सांभाळली आणि दारापर्यंत येववत नाही? आणि भिंगरी माझ्या शेजारी नीट हात मांडीवर ठेवून बसली. मला वाटलं, रक्ताने रक्त ओळखलं. विमानातही मी तेच वाटून घेत होते. रडले त्या वेळी, सगळ्यांसमोर.

बॅगेत कपड्यांच्या तळाशी तू दहावा फर्मा ठेवला होतास. मी म्हटलं होतं पाठवू नकोस, तरी ठेवलास. परवा वाचला. चौथ्या दिवशी मुलगा गळ्यात पडतो म्हणे! ज्याने कुणी लिहिलं त्याला एकदा माझ्या दाराशी आणून बसव. सोळा पानं संपत आली म्हणून पोरगं गळ्यात पडलं असेल. चौथा दिवस आला आणि गेला. मी पूर्ण दिवस वाट बघितली रे, वेड्यासारखी. केस विंचरले, चांगला झगा घातला. तिने माझ्याकडे पाठ केली.

पण एक गोष्ट वाचता वाचता दिसली, ती तुला सांगायला हवी. त्या मुलाला ज्या काकूने वाढवलं तिला सबंध पुस्तकात कितीशी जागा आहे? नवव्यात ती बोटीपर्यंत येते, पदराने तोंड पुसते, संपलं. पुढे ती जगली की मेली, काही नाही. मी सगळे फर्मे परत काढून शोधलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिची आठवणही झाली नव्हती, कारण मी कॉलरवाली होते ना! दूर गेलेली मी, रडणारी मी, वाट बघणारी मी. जो गेला त्याचंच दुःख मोठं, असं धरून चालले होते. तुमच्या घरी ज्या रात्री पोर रडत होती त्या रात्री मी विमानात पोटभर जेवून झोपले होते, आणि वहिनी येरझारा घालत होत्या. हे तू लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि माझं उत्तर फक्त "दुसरं" या शब्दाला दिलं.

मी मोठी झाले असं म्हणावं तर असं मोठं होऊन काय उपयोग? कळलं ते पोरीला इथे आणल्यावर.

इकडे आड, तिकडे विहीर. इथे ठेवावी तर ती दिवसेंदिवस वाळते आहे. परत आणावी तर तिचं इथे यायचं दार कायमचं बंद होईल, आणि ती माझी राहणार नाही. हे म्हणतात, "थोडे दिवस थांब." थोडे दिवस म्हणत म्हणतच आम्ही इथवर आलो. मला आता कुणाच्याही शब्दाचा भरवसा नाही, माझ्या तर नाहीच नाही.

तू सांग. तू जे सांगशील ते मी करीन. आणू का परत?

टाचणी

२८ जानेवारी

वन्सं,

अक्षराला हसू नका, मला लिहायची सवय नाही. यांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, ते मी पेटीत टाकू दिलं नाही. त्यात "लगेच आण" याशिवाय दुसरं काही नव्हतं. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील.

तिला आणू नका.

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं, जाड भिंगाखाली धरून. बुटांचं वाचलं आणि मला सगळं कळलं. ती हट्ट करत नाही, वन्सं, सांगितलेलं ऐकते आहे.

निघायच्या दिवशी ती मला सोडेना. तुम्ही बाहेर गाडीत सामान ठेवत होतात. तिने माझ्या गळ्यात हात घालून बोटात बोटं अडकवली होती. मी तिला म्हटलं, "तू पुढे जा. शहाण्यासारखी बस, रडू नकोस. मी संध्याकाळी तुला न्यायला येते. बूट घालून तयार राहा." मग तिने हात सोडले. दुसरं काय बोलायचं ते मला सुचलं नाही. बाहेर आले असते तर माझ्या तोंडाकडे बघून तिला खोटं कळलं असतं, म्हणून आत बसले. सुईत दोरा नव्हताच. नुसती टोचत होते.

रक्त ओळखलं वगैरे काही नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

मला तुमचा राग नाही असं नाही. राग आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही. तुम्ही काकूचं लिहिलंत, ते बरं केलंत. पण त्याने माझं काही हलकं झालं नाही. ती कादंबरी मी वाचली नाही, वाचणार नाही. तरीही पोर आईजवळच राहायला हवी. मी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. पण तुम्ही जिवंत असताना ती माझी होणार नव्हती, हे मला पहिल्या रात्रीपासून माहीत होतं. यांना कळत नव्हतं. मी कळू दिलं नाही.

आता नीट वाचा. केस टोकापासून वर विंचरायचे, मुळापासून सुरुवात केली की पळते. ताप आला तर आधी कानामागे कळतो, कपाळाला नंतर. निजताना दार बंद करू नका, थोडं उघडं ठेवा. हाक मारल्यावर आली नाही तर ओरडू नका, ऐकू येतं तिला, उत्तर द्यायचं नसतं. हातांना काम द्या. तुम्ही घरी चादरी घडी करत असाल तर दुसरं टोक तिच्या हातात द्या, बोलू नका, नुसत्या तिच्याकडे चालत या. तुम्हाला फोनवाली म्हणाली, बाई म्हणाली, काहीही म्हणाली तरी ओ द्या. आणि माझी हाक मारून उठली तर "मी आहे" म्हणा. कोण आहे ते सांगू नका.

फोन करू नका. मी येणार नाही फोनवर, यांनाही येऊ देणार नाही. माझा आवाज कानावर पडला की ती पुन्हा दाराशी जाऊन बसेल. ती मोठी होऊन स्वतःहून करेल तेव्हा बघू. तोवर मी असले तर.

एक काम मात्र तुम्हालाच करायचं आहे, मला इतक्या लांबून करता येत नाही. मला ती आई म्हणते, तुम्ही मामीच म्हणा, तिला कळेल. तिच्यासमोर खाली बसा आणि सांगा, मामी खोटं बोलली. ती संध्याकाळी येणार नाही. उद्याही येणार नाही. ती येणारच नव्हती. ती विचारेल, का खोटं बोलली? तेव्हा माझी बाजू घेऊ नका. मामीला तुझं रडणं ऐकायचं नव्हतं, एवढंच म्हणा. तिला माझा राग येऊ दे, खूप येऊ दे. ओरडेल, सामान फेकेल, तुम्हाला मारेल. मारू द्या. रडायला लागली की जवळ घ्या, त्या वेळी ती तुम्हाला ढकलणार नाही.

पत्र मिळेल त्याच दिवशी सांगा. संध्याकाळ व्हायच्या आत सांगा.

तुमची वहिनी